वेगाने बदलणाऱ्या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची चाचणी : अडचणी आणि सीमाभागातील लिप्यांचा प्रश्न

प्रस्तावना

बाजारहत्नूर हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे एक मंडळ आहे. महाराष्ट्राच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका येथून जवळच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. त्यामुळे या पट्ट्यात मराठी ही आजही अनेक घरांची भाषा आहे. तेलुगू ही राज्यकारभाराची भाषा असून उर्दूला राज्यात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे. गोंडी ही तर या जिल्ह्याची जुनीच भाषा होय. याच जिल्ह्यातील नारनूर मंडळात गुंजाला नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची एक स्वतंत्र लिपी अभ्यासकांना ज्ञात झाली.

अशा परिसरातील शाळेच्या संगणकावर देवनागरी, तेलुगू, उर्दूची नस्तालिक आणि गुंजाला गोंडी या चारही लिप्या नीट उमटाव्यात, ही अपेक्षा साधी वाटते. परंतु ती पूर्ण करण्यासाठी संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीमचे अनेक भाग एकमेकांशी जुळावे लागतात. शिवाय हे भाग सतत बदलत असतात. लिनक्ससारखी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम विनामूल्य मिळते व तिचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, म्हणून मर्यादित साधने असणाऱ्या शिक्षणसंस्थांना ती सोयीची ठरते. मात्र काल चालणारी गोष्ट आजच्या नव्या आवृत्तीत चालेल याची खात्री कोण देतो, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या चाचणीच्या अडचणींचे विवेचन केले असून भारतीय लिप्यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

बदलाचा वेग

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स कर्नल लिहिण्यास सुरुवात केली. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क या सर्वांचा कारभार तो पाहतो. मार्च १९९४ मध्ये आवृत्ती १.० प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात सुमारे पावणेदोन लाख ओळी होत्या. आज ही संख्या तीन कोटींच्या वर गेली आहे.

कर्नलची नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. त्यातील पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारण्यासाठी राखलेले असतात. त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती निघते आणि बहुधा सातव्या किंवा आठव्या चाचणी आवृत्तीनंतर अंतिम आवृत्ती जाहीर होते. एका फेरीत दहा हजारांहून अधिक बदल समाविष्ट होतात. हे बदल जगभरातील कंपन्यांचे नोकर, विद्यार्थी व स्वयंसेवक पाठवतात. एवढ्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' ही प्रणाली तयार केली.

सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती केवळ कर्नल येत नाही. कर्नलसोबत हजारो लहानमोठे प्रोग्राम, फाँट आणि साधने एकत्र करून 'वितरण' तयार केले जाते. फेडोरा व उबुंटू ही वितरणे साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात, तर डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. भारतात सी-डॅकने डेबियनच्या पायावर 'बॉस' हे वितरण तयार केले व त्यात भारतीय भाषांची सोय केली. म्हणजेच एखाद्या शाळेत चालणारी प्रणाली ही अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या वेळापत्रकांनुसार झालेल्या कामाची बेरीज असते. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासलेला असला, तरी त्यांची नेमकी हीच जुळणी कोणी तपासलेली असेलच असे नाही.

चाचणी अवघड का ठरते?

पहिली अडचण यंत्रसामग्रीची आहे. हिशोबाच्या प्रोग्रामला ठराविक आकडे देऊन उत्तर पडताळता येते. कर्नलचे तसे नाही. तो प्रत्यक्ष यंत्राशी बोलतो, आणि यंत्रांचे प्रकार असंख्य आहेत. कोणत्याही एका प्रयोगशाळेत जगातील सर्व मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड व प्रिंटर ठेवणे शक्य नसते. त्यामुळे ज्याच्याकडे ते यंत्र आहे, तोच त्याचा खरा परीक्षक ठरतो.

या परीक्षकाला कधी मोठी किंमतही मोजावी लागते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी झाली. कार्डावरील कायमस्वरूपी मेमरीत भलतीच माहिती लिहिली जात होती. प्रारंभी संशय साहजिकच नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. खरे कारण ऑक्टोबरमध्ये उघड झाले. कर्नलच्या कामाचा माग ठेवणारी एक नवी सुविधा, मेमरीचा एक भाग मोकळा झाल्यावरही, तेथे आपला जुनाच कोड आहे असे समजून लिहीत होती. दरम्यान ती जागा नेटवर्क कार्डाला दिली गेलेली असे. दोष एका भागात आणि हानी दुसऱ्या भागात, असा हा प्रकार होता. दोन्ही भाग वेगवेगळे तपासून तो सापडला नसता.

दुसरी अडचण जुन्या आवृत्तीत नवी दुरुस्ती बसवण्याची. बहुतेक संस्था अगदी ताजी आवृत्ती न वापरता स्थिर आवृत्ती वापरतात. नव्या आवृत्तीत झालेल्या दुरुस्त्या निवडून या स्थिर आवृत्तीत आणल्या जातात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निघालेल्या कर्नल ६.१.६४ मध्ये एक्स्ट-फोर या फाइल व्यवस्थेची अशीच एक दुरुस्ती आणली गेली. ती ज्या आधीच्या बदलावर अवलंबून होती, तो बदल मात्र आणायचा राहिला. परिणामी विशिष्ट परिस्थितीत डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियनने आवृत्ती १२.३ चे प्रकाशन थांबवले आणि १० डिसेंबर २०२३ रोजी थेट १२.४ प्रसिद्ध केली. येथे मूळ दुरुस्ती चुकीची नव्हती. ती आपल्या मूळ जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी घातक ठरली.

तिसरी अडचण म्हणजे काही दोष कोणत्याही नेहमीच्या चाचणीत दिसतच नाहीत. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनमधील ओपन-एसएसएल या सुरक्षाविषयक संचात एक छोटा बदल झाला. मेमरी तपासणाऱ्या एका साधनाने दिलेली सूचना दूर करण्यासाठी कोडचा थोडा भाग वगळण्यात आला. परंतु त्यासोबत गुप्त किल्ली तयार करण्यासाठी लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला. एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या जेमतेम बत्तीस हजार वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. किल्ल्या तयार होत होत्या, चालतही होत्या. म्हणून चाचणीला काहीच वावगे दिसले नाही. दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. त्याचप्रमाणे 'डर्टी काऊ' या नावाने ओळखला गेलेला कर्नलमधील दोष २००७ पासून अस्तित्वात होता व ऑक्टोबर २०१६ मध्ये दूर झाला. कोड सर्वांसाठी उघडा आहे याचा अर्थ तो सर्वांनी वाचला आहे असा होत नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

स्वयंचलित चाचण्यांचे योगदान

माणसांच्या भरवशावर हा वेग सांभाळणे अशक्य आहे, हे ओळखून अनेक स्वयंचलित व्यवस्था उभ्या राहिल्या. २००८ पासून 'लिनक्स-नेक्स्ट' या नावाने, पुढील फेरीत येणारे बदल आधीच एकत्र करून ते एकमेकांशी जुळतात का हे पाहिले जाते. 'लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट' मध्ये कर्नलच्या सेवा तपासणाऱ्या शेकडो चाचण्या आहेत. 'कर्नल-सीआय' मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांतील प्रत्यक्ष यंत्रांवर नवी आवृत्ती सुरू होते का, हे पाहिले जाते. गुगलच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये सुरू केलेला 'सिझबॉट' कर्नलला अखंडपणे वेड्यावाकड्या मागण्या करत राहतो आणि तो कोठे कोलमडतो ते नोंदवतो. २०२० च्या जानेवारीत निघालेल्या आवृत्ती ५.५ पासून कर्नलचे लहान लहान तुकडे स्वतंत्रपणे तपासण्याची 'के-युनिट' ही सोयही उपलब्ध झाली.

या व्यवस्थांमुळे हजारो दोष वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्याआधीच सापडले, हे मान्य करावे लागेल. तथापि त्यांची एक मर्यादा आहे. यंत्र बंद पडले का, प्रोग्राम कोसळला का, या प्रश्नांची उत्तरे त्या चांगली देतात. परंतु आलेले उत्तर योग्य आहे का, हे सांगण्यासाठी योग्य उत्तर कोणीतरी आधी लिहून द्यावे लागते. हे काम ज्याला तो विषय कळतो, त्या माणसाचेच असते.

चाचणी घेणारा कोणी उरला नाही तर काय होते, याचेही दाखले आहेत. लिनक्सचा जन्म ज्या ३८६ प्रोसेसरवर झाला, त्याचा आधार २०१३ मध्ये निघालेल्या आवृत्ती ३.८ मध्ये काढून टाकण्यात आला. इटॅनियम प्रोसेसरचा आधार २०२४ च्या जानेवारीतील आवृत्ती ६.७ मध्ये गेला. वापरणारे व तपासणारे कमी झाले की तो भाग सांभाळणे इतरांना ओझे वाटू लागते.

लिप्यांची चाचणी

हीच गोष्ट भाषेला लागू पडते. संगणकात मराठी मजकूर युनिकोडच्या क्रमांकांच्या रूपाने साठवला जातो. 'स्त्री' हा शब्द साठवताना स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा क्रमांक असतात. त्यांतून पडद्यावर एकसंध जोडाक्षर घडवण्याचे काम फाँट आणि अक्षरजुळणीचा प्रोग्राम मिळून करतात. मुक्तस्रोत जगतात हे काम प्रामुख्याने 'हार्फबझ' हा प्रोग्राम करतो. लिनक्सखेरीज अँड्रॉइड, फायरफॉक्स व लिब्रे ऑफिसमध्येही तोच वापरला जातो. म्हणून त्यातील एका चुकीचा परिणाम कोट्यवधी वाचकांवर होऊ शकतो.

२०१२ मध्ये हार्फबझमधील भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिला गेला. तो तपासण्यासाठी अवलंबलेली पद्धत उद्बोधक आहे. विकिपीडियातून प्रत्येक लिपीतील शब्दांच्या मोठ्या याद्या काढण्यात आल्या. देवनागरीचे एकट्याचे सुमारे सात लाख शब्द होते. प्रत्येक शब्द हार्फबझने कसा जुळवला आणि विंडोजच्या प्रोग्रामने कसा जुळवला, यांची तुलना करून न जुळणारे शब्द मोजले गेले. प्रत्येक दुरुस्तीनंतर ही मोजणी पुन्हा होत असे. त्यामुळे तेलुगूसाठी केलेल्या सुधारणेने देवनागरी बिघडली तर ते लगेच कळत असे.

परंतु या पद्धतीतही जे शब्द यादीत नाहीत ते तपासले जात नाहीत. मराठीपुरते पाहिल्यास पुढील गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्या लागतात.

एक, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. या दोन शब्दांत फरक आहे तो केवळ रफाराचा. दुसऱ्या शब्दातील अर्धा र हिंदीत वापरला जात नाही. केवळ हिंदी शब्दांवर तपासलेला फाँट मराठीत येथे चुकू शकतो. शिवाय हा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असे नाही.

दोन, 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मधील युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी अ आणि अर्धचंद्र वेगवेगळे टंकित करावे लागत. जुन्या कागदपत्रांत एक रूप व नव्यात दुसरे, अशी स्थिती असल्याने याद्या आणि शोध यांची चाचणी दोन्ही रूपांवर व्हावी लागते.

तीन, मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीपेक्षा निराळे आहे. मजकूर मराठी आहे हे प्रणालीला सांगितले आणि फाँटमध्ये तशी सोय असली, तरच योग्य वळण उमटते. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेल्या 'लोहित' फाँटमालिकेत या कारणासाठी पूर्वी मराठीचा स्वतंत्र फाँट ठेवलेला होता.

उर्दूची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. नस्तालिक लिपीतील शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो. सरळ रेषेत बसणाऱ्या अक्षरांसाठी आखलेल्या मेनूत किंवा बटणावर नस्तालिकचा वरचा अथवा खालचा भाग कापला जातो. येथे अक्षरजुळणी अचूक असते, फाँटही निर्दोष असतो आणि तरीही शब्द वाचता येत नाही. कोसळण्याची वाट पाहणारी कोणतीही स्वयंचलित चाचणी हा दोष पकडणार नाही. उर्दू वाचणाऱ्याच्या तो पहिल्या दृष्टिक्षेपातच लक्षात येईल.

बंदिस्त प्रणाली बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या या बाबतीत अधिक सुरक्षित आहेत असेही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील एका जोडाक्षरामुळे ॲपलच्या आयफोनवरील अनेक प्रोग्राम कोसळू लागले. १९ फेब्रुवारीला दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. कोट्यवधी लोकांच्या भाषेतील एक अक्षरसमूह तोवर तपासला गेला नव्हता.

गुंजाला गोंडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये जून २०१८ मध्ये, आवृत्ती ११.० द्वारे झाला. मसराम गोंडी ही गोंडीची दुसरी लिपी त्याच्या एक वर्ष आधी समाविष्ट झाली होती. दोहोंसाठी मुक्त परवान्याचे 'नोटो' फाँटही उपलब्ध आहेत. परंतु युनिकोडमध्ये जागा मिळणे ही केवळ सुरुवात होय. तेलुगूसाठी निदान विकिपीडियाची शब्दयादी होती. ज्या लिपीत संगणकावर फारसे लिखाणच झालेले नाही, तिची चाचणी कोणत्या शब्दांवर घ्यायची? ते शब्द आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडी शिक्षक व विद्यार्थ्यांकडूनच यावे लागतील.

चाचणीवरील विश्वास

वेगासोबत आणखी एक धोका येतो. मार्च २०२४ च्या अखेरीस 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. हे साधन सांभाळण्याचा भार प्रामुख्याने एका स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून शिरलेल्या व्यक्तीने दीर्घकाळ विश्वास संपादन केला आणि घातक कोड चक्क चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना फाइलींमध्ये लपवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे आढळले व त्याचा माग काढताना हा प्रकार कळला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. झपाट्याने बदल स्वीकारणाऱ्या चाचणी शाखांमध्ये मात्र तो शिरला होता. चाचण्यांची देखरेखही पुरेशा माणसांनी करावी लागते, हा यातून मिळणारा धडा आहे.

शिक्षणसंस्थांना काय करता येईल?

या कामासाठी प्रत्येकाने प्रोग्रामर असण्याची गरज नाही. उत्तम दोषनोंद ही सर्वात मोलाची मदत ठरते. प्रणालीची आवृत्ती, फाँटचे नाव, नेमका कोणता शब्द टंकित केला, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, या पाच गोष्टी लिहिल्या तर दूर बसलेल्या अभियंत्यालाही तो दोष स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवता येतो. नुसते 'मराठी नीट दिसत नाही' असे कळवल्याने ते होत नाही.

आधीच्या आवृत्तीत बरोबर असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर दोषी बदल शोधण्याची सोपी रीत आहे. दहा हजार बदलांपैकी मधल्या बदलापर्यंतची प्रणाली तयार करून पाहायची. तेथे दोष असेल तर पहिल्या अर्ध्यात शोधायचे, नसेल तर दुसऱ्या अर्ध्यात. प्रत्येक वेळी निम्मे बदल बाद होतात, म्हणून साधारण चौदा फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. गिटमध्ये या कामासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम सहज देता येईल.

तिसरे काम म्हणजे शब्दसंग्रह. मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडीतील अवघड जोडाक्षरे, गावांची आणि माणसांची नावे, पाठ्यपुस्तकांतील शब्द यांची यादी करून त्यांची अपेक्षित रूपे नोंदवावीत. अशी यादी मुक्त परवान्याखाली देऊन संबंधित प्रकल्पाच्या स्वयंचलित चाचण्यांत समाविष्ट झाली, तर पुढील प्रत्येक आवृत्ती त्या शब्दांवर आपोआप तपासली जाईल. फेडोरासारखे प्रकल्प प्रकाशनापूर्वी भाषाविषयक चाचणीचे दिवसही ठेवतात. महाविद्यालयांनी त्यांत भाग घ्यावा, कारण प्रकाशनापूर्वी सापडलेला दोष दूर होण्याची शक्यता नंतर सापडलेल्या दोषापेक्षा अधिक असते.

निष्कर्ष

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमच्या विकासाचा वेग कमी होण्याची चिन्हे नाहीत, आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या तातडीने मिळण्यासाठी तो वेग आवश्यकही आहे. स्वयंचलित चाचण्यांनी या वेगाला बऱ्याच अंशी आवर घातला आहे. परंतु त्या चाचण्या ज्यांनी लिहिल्या त्यांची यंत्रे आणि त्यांच्या भाषा यांचेच रक्षण त्यांतून प्रथम होते. जे यंत्र कोणी तपासत नाही आणि जी लिपी कोणी वाचून पाहत नाही, तिच्यातील दोष आवृत्तीमागून आवृत्ती तसाच राहतो.

बाजारहत्नूरसारख्या परिसरातील शाळांना चार लिप्या रोज लागतात. त्या लिप्यांतील चुका ओळखण्याची पात्रता अन्य कोणत्याही मोठ्या शहरातील प्रयोगशाळेपेक्षा येथील शिक्षक व विद्यार्थ्यांपाशी अधिक आहे. मुक्तस्रोत पद्धतीत सोर्स कोडबरोबर चाचण्याही सर्वांसाठी खुल्या असतात. या सवलतीचा उपयोग करून आपले शब्द त्या चाचण्यांत नोंदवणे हे सीमाभागातील शिक्षणसंस्थांनी हाती घेण्यासारखे कार्य आहे.